अंबूबाईचे अकरा वाफे

लोणावळ्याच्या पावसात भाजी होत नाही, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या एकानंही जन्मात कोथिंबिरीची काडी पेरलेली नव्हती. आमचे अण्णा त्यांत पहिले. खंडाळ्याच्या रस्त्याला लागून एक आरोग्यभवन होतं. मुंबईची आजारातून उठलेली माणसं तिथं हवापालटाला येऊन राहत. चाळीस खाटा. अण्णा तिथले डॉक्टर, म्हणून आमचं बिऱ्हाड आवारातच. मी पुण्याला कॉलेजात होते. सुट्टीत घरी आले की मागच्या खिडकीतून रोज दिसे ते हेच: स्वयंपाकघरामागचा चारपाच गुंठ्यांचा उतार, त्याच्या डोक्याशी कौलांची एक खोली, आणि त्या दोहोंच्या मधे सतत पळणारी अंबूबाई.

पळणारी म्हणते ते उगाच नाही. ती बसून चहा प्यायलेली मी पाहिली नाही. कपबशी कठड्यावर ठेवायची, दोन वाफे बघून यायची, गार झालेला चहा उभ्यानं एका घोटात संपवायची आणि पुन्हा गेली.

"अंबूबाई, बसा की जरा."

"बसलं की पाऊस येतोय, ताई."

"तो न बसताही येतो."

"मग बसून तरी काय करू?"

वय पस्तिशीचं, अंगानं काटकी, मूलबाळ नाही. माणूस तिच्याशी बोलत असे आणि तिचे डोळे माणसाच्या खांद्यावरून पलीकडच्या पडवळाकडे लागलेले असत. मला याचा राग येई. माझ्याशी बोलताना लोकांनी माझ्याकडे बघावं अशी माझी तेव्हा अपेक्षा होती.

अंबूबाई नाणे मावळातली. माहेर भाताचं, सासर भाताचं. नवरा रखमाजी घाटात रेल्वेच्या गँगवर, आठवड्यातून एकदा घरी. ती आरोग्यभवनात भांडी घासायला लागली, राहायला खोली मिळाली, आणि खोलीसमोरचा उतार मोकळा पडलेला बघून तिचे हात शिवशिवायला लागले. एकेचाळीस साली तिनं तिथं पहिल्यांदा भाजी लावली आणि सगळी मारली. कशी मारली ते सांगायलाच हवं, कारण ती चूक मावळातलाच माणूस करू शकतो.

भाताच्या माणसाचा हात पाणी धरायला शिकलेला असतो. उतार दिसला की तो त्याचे टप्पे पाडणार, टप्प्यांना बांध घालणार, बांधाला कुठं भोक पडलं तर टाचेनं चिखल दाबून बुजवणार. हे तो विचार करून करत नाही. डोळ्यांत धूळ गेली की पापणी मिटते, तसं. अंबूबाईनं उताराची पाच सुरेख खाचरं केली आणि त्यांत वांगी, मिरच्या, दोडके लावले. मृगात झाडं तरारली. आषाढात घोटा घोटा पाण्यात उभी राहिली. आधी पानं पिवळी, मग बुंधा जमिनीशी काळा, मग नुसता हात लावला की झाड हातात.

"लोन्यागत माती केलती, ताई," ती सांगायची. "भात असतं तर नाचलं असतं."

तळेगावचे चाँदभाई बागवान तेव्हा आरोग्यभवनात भाजी घालत. पिढीजात भाजीवाले. त्यांनी टोपली खाली ठेवली, खाचरात काठी खोचून बघितली आणि हसायलाच लागले.

"वैनी, हे काय, वांग्याला नदीवर आंघोळीला आणलं?"

"हसू नका, चाँदभाई. काय चुकलं ते सांगा."

"भाताला पाय पाण्यात लागत्यात. वांग्याचं डोकं भिजलं तरी चालतं, पाय कोरडे पायजेत. तुमी पाणी धरायला शिकलाय, आता सोडायला शिका."

"आषाढातलं पानी सोडायचं? हातानं?"

"व्हय. लेक सासरी धाडल्यागत. रडायचं न्हाई."

पुढचं मी सविस्तर लिहिते, कारण पुण्यामुंबईच्या बायका मला अजून विचारतात की आमची मिरची पावसात का कुजते. कुजते, कारण तुम्ही तिला पाण्यात उभी करता. दुसरं काही नाही. खतं, औषधं नंतर.

अंबूबाईनं बांध फोडले आणि त्या जागी गादीवाफे घातले, अकरा. गादीवाफा म्हणजे जमिनीपेक्षा दीड वीत उंच, वर सपाट, आणि दोन्ही बाजूंनी हात घातला तर मध्यावर पोचेल एवढाच रुंद. कारण वाफ्यावर पाय द्यायचाच नाही. पाय दिला की माती दबते आणि दबलेल्या मातीत मूळ गुदमरतं. वाफे उताराला सरळ खाली सोडले तर माती वाहून जाते, सरळ आडवे घातले तर पाणी तुंबतं. म्हणून तिरपे. प्रत्येक वाफ्याच्या कडेनं चर, चराच्या खालच्या टोकाला दगडांची मोरी, आणि सगळ्या मोऱ्यांचं पाणी जिथं एक होतं तिथं कमरेएवढा खड्डा. पाणी खड्ड्यावरून पुढं जातं, बरोबर आणलेली माती खड्ड्यात बसते. उघडीप मिळाली की अंबूबाई तो गाळ पाटीनं उपसून पुन्हा वर वाफ्यांवर नेऊन टाकी. "माज्या वाफ्याची माती इंद्रायणीला द्यायची न्हाई," म्हणे. वाफ्यांवर भाताचा पेंढा, म्हणजे थेंब मातीवर आपटत नाही आणि चिखल पानाच्या पोटाला उडत नाही. अर्धे रोग त्या चिखलातून चढतात.

मावळातलं सगळंच तिनं टाकलं असं नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजतात ना, शेण-पाला-फांद्या जमिनीवर पसरून पेटवतात, तसा तिनं मिरचीच्या आणि वांग्याच्या रोपासाठी भाजला; तणाचं बी जळतं, किडे मरतात, राख खताला होते. वेलांचं बी अक्षय्य तृतीयेला टोची, पण जमिनीत नाही. पळसाची पानं लावलेल्या पाट्यांत, वळचणीखाली. पाऊस लागेपर्यंत वेल हातभर झालेला असे. कोवळं रोप लोणावळ्याच्या पावसाच्या माऱ्यानं झोपतं, निबर झालेलं टिकतं. मग तो कारवीच्या मांडवावर चढवायचा.

आणि फुलं. आठ आठ दिवस धार तुटत नाही तेव्हा मधमाशी बाहेर पडत नाही. फूल येतं, गळतं, फळ धरत नाही. अंबूबाई डोक्यावर इरलं घेऊन नर फूल तोडायची, पाकळ्या मागं मोडायची आणि ज्या फुलामागं इवलंसं फळ असतं त्या मादी फुलात ते टेकवायची. काकडीचं सकाळी, दोडक्याचं दिवेलागणीला.

"काय करताय?"

"लगीन लावतीया. भटाबिगर."

मी हे इंटरच्या बॉटनीत पाठ केलं होतं, पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते, आणि एकदाही फुलाला हात लावला नव्हता.

बेचाळीसचा पावसाळा तिला चांगला गेला. त्रेचाळीसला मात्र गळ्याशी आलं. पौषात रखमाजीच्या पावलावर रूळ पडला आणि पाऊल कायमचं वाकडं झालं. गँग सुटली. तो खोलीत येऊन बसला. उंचापुरा, घाटात बारा वर्षं पहार मारलेला माणूस. दाराशी बसायचा आणि बायकोला इकडून तिकडं पळताना बघायचा. चैत्रात आरोग्यभवनाच्या मॅनेजरांनी अंबूबाईला बोलावलं. लढाईचे दिवस. लष्करी ठेकेदार तळेगाव-वडगावची भाजी बाजारात उतरायच्या आत उचलत; चाँदभाईंची टोपली यायची बंद झाली होती. जळणही एकदम भरून ठेवायला हवं होतं, आणि त्याला कोरडी जागा हवी होती. मॅनेजरांचा डोळा तिच्या खोलीवर.

"अंबूबाई, दोनपैकी एक. चाळीस माणसांची एक वेळची भाजी, आठवड्यातून तीनदा, नारळी पौर्णिमेपासून. जमलं तर खोली तुमची, उतार तुमचा. नाही जमलं तर खोलीत मी जळण भरणार."

"आनि आमी?"

"तुम्हांला गाव आहे ना?"

गाव होतं. गावात दिराचं घर होतं, आणि पाऊल मोडल्यावर रखमाजी तिथं जाऊन आला तेव्हाच त्या घरानं त्याला ओसरीवरची जागा दाखवून ठेवली होती. रखमाजी त्या ओसरीचं नाव काढू देत नसे.

त्या दिवसापासून अंबूबाईचं जेवणही उभ्यानं व्हायला लागलं. मी वैशाखात घरी आले. तेव्हा ती पाट्यांतल्या रोपांना सकाळी उन्हात काढी, दुपारी सावलीत ओढी, संध्याकाळी पुन्हा मोजी. छत्तीस वेल. मी म्हटलं, मोजून वाढतात का? तर म्हणे, न मोजता कमी हुत्यात.

कॉलेज उघडलं, पण लढाईच्या धामधुमीत अण्णांनी ती टर्म मला घरीच ठेवलं. आषाढाच्या पहिल्या आठवड्यात मांडव भरला. दोडकी, घोसाळी, पडवळ, काकड्या. फुलं लागली, बोटाएवढी फळं धरली. आणि नेमका गावाहून निरोप आला: आवणी लागलीय, हात द्यायला या. भाताची आवणी म्हणजे चिखलात वाकून रोपं लावायची. त्यात जो हात देईल त्यालाच दीर वर्षाचा तांदूळ देणार. जाणं भाग होतं. चार दिवस. निघताना ती तीनदा फाटकातून परत आली. एकदा पेंढा सारखा करायला, एकदा मोऱ्या बघायला, एकदा रखमाजीला सांगायला.

"कायबी करू नका. निस्तं बसा."

हे तिनं सांगायला नको होतं. पौषापासून तो दुसरं काय करत होता?

पुढच्या दोन दिवसांत पाऊस असा लागला की समोरचं फाटक दिसेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री घेऊन मागं गेले, तर रखमाजी डोक्यावर पोतं, एका हातात काठी, बसत-सरकत मोऱ्यांपाशी काहीतरी करत होता. गवतासकट चिखलाची ढेपळं काढायची, मोरीत बसवायची, चांगल्या पायाच्या टाचेनं दाबायची. इतक्या महिन्यांत त्याचा चेहरा मी असा उजळलेला पाहिला नव्हता.

"काय करताय, रखमाजी?"

"पानी धरतोय, ताई. सगळं चाललंय वाहून. तिला काय, ती गेली."

मी काय म्हणाले असेन? "बरं केलंत," म्हणाले. शेतकरी माणूस, त्याला कळत असणार. मी घरात आले, कॉफी घेतली, वाचत बसले. अकरा वाफ्यांची सगळी हकिगत मला अंबूबाईच्या तोंडून पाठ होती, आणि तरीही ती माझ्या डोक्यात आली नाही. पाठ असणं आणि येणं यांत फरक आहे, एवढंच म्हणते.

पाचव्या दिवशी अंबूबाई परत आली. फाटकातच थांबली. तिथून तिला काही दिसत नव्हतं. ती ऐकत होती. पाऊस होता, पण मोऱ्यांचा आवाज नव्हता. डोक्यावरचं गाठोडं तिनं तिथंच चिखलात टाकलं आणि धावत सुटली.

चर काठोकाठ भरलेले. वाफ्यांचे फक्त माथे वर. दोन दिवस पाणी हललं नव्हतं. तिनं मोरीत हात घातला, ढेपळ निघेना. काम पक्कं होतं. रखमाजी दाराशी उभा राहिला होता, काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल अशा तोंडानं. ते तोंड हळूहळू उतरलं.

"अवो, ह्ये काय केलंसा?"

"पानी... लय आवाज हुता पान्याचा, अंबे. रात न् दिस. जीव खालवर हुईत हुता."

"बारा वरसं रेल्वेची गटारं उपसलीसा. घाटात काडी तुंबू दिली न्हाई. माजीच बुजवायची हुती?"

"ती रेल्वे हाय. ही जिमीन हाय. जिमिनीतनं पानी जाऊ देतोय व्हय कुनी?"

मी मधे पडले. म्हटलं, "अंबूबाई, मी बघितलं होतं त्यांना. मी बरं केलंत म्हणाले."

तिनं पहिल्यांदाच थेट माझ्याकडे बघितलं. "मंग दोगांनी मिळून बुजवलं म्हना की, ताई," एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाकली. अकराही मोऱ्या तिनं नखांनी उकरून मोकळ्या केल्या. पाणी गेलं. मिरच्या आणि वांगी गेलीच होती. वेलांच्या बुडाशी तिनं बोट घातलं, एक मूळ ओढलं. साल हातात आली, आतला दोरा तपकिरी, वास कुजका. वर मात्र मांडवावर सगळं हिरवंगार, फुललेलं.

"आनखी चार दिस हिरवं दिसंल," ती म्हणाली. "मंग एकदम माना टाकतील."

नारळी पौर्णिमेला महिन्याच्यावर थोडे दिवस राहिले होते. नवं बी टोचून उपयोग नव्हता. ती मांडवाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होती. मी मागून छत्री धरून. छत्रीची तिला गरज नव्हती, मला काहीतरी धरायला हवं होतं. अचानक थांबून म्हणाली, "ताई, डांगराचा वेल बगितलाय? गावाकडं भुईवर पसरतो, तवा पेरापेराला मुळ्या सोडतो. बूड उपटलं तरी पुढं जगतो."

"म्हणजे भोपळ्यासारखा दोडकाही सोडेल?"

"न सोडून जातोय कुटं? पर माती पायजे. कोरडी, भुसभुशीत. ह्या राडीत घातलं तर पेरंबी कुजंल."

बेत सोपा होता. प्रत्येक वेलाचा एक फाटा मांडवावरून खाली घ्यायचा, पाटीतल्या कोरड्या मातीत दोन पेरं पुरायची, पाटी दगडांवर उंच ठेवायची. नव्या मुळ्या फुटल्या की जुनं कुजकं बूड कापून टाकायचं. छत्तीस वेल, छत्तीस पाट्या. आषाढात लोणावळ्यात काडेपेटी कोरडी राहत नाही, माती कुठून राहणार? मी घमेल्यात चिखल घालून चुलीवर भाजायला ठेवला. तासाभरात अर्धं घमेलं वाळलं, तेही विटेसारखं. अंबूबाईनं त्यातलं एक ढेकूळ उचललं, दगडावर आपटून बघितलं आणि निघून गेली.

मग खोलीतून आवाज आला. धप्. धप्. रखमाजी भुईवर बसून पहारेनं सारवलेली जमीन फोडत होता.

"ह्ये काय करतासा?" ती दारात ओरडली.

"हितं हाय की कोरडी माती. तीस सालं पाऊस न्हाई लागला हिला."

"खोलीसाटी तर चाललंय समदं! आनि खोलीच खनतासा?"

"खोली गेली तर जिमीन काय उरावर न्यायची हाय?"

तिनं पदर खोचला आणि पाटी पुढं सरकवली. तो बसल्या जागी खणत पुढं सरके, ती भरे, मी बाहेर नेई. वरची सारवणाची खपली, खाली मुरूम, त्याखाली हातभर कोरडी, पिवळसर माती. तिनं ती चाळली, चुलीची राख आणि माळ्यावरच्या पोत्यातलं जुनं वाळकं शेणखत मिसळलं. पाट्या संपल्या तेव्हा मी स्वयंपाकघरातून बिस्किटांचे रिकामे डबे, फुटकी मडकी उचलून आणली. बुडाला भोकं पाडायला तिनंच सांगितलं. मी विसरले होते. पुन्हा.

पेरं पुरून वर दगड ठेवला, पाटीवर सागाच्या पानांचं झाकण, म्हणजे पाऊस आत जायला नको. आणि मग तिनं मांडवावरची अर्धी पानं छाटली आणि बोटाएवढी सगळी फळं नखानं खुडली.

"अहो, फळं कशाला?" मी किंचाळलेच.

"नव्या मुळ्या बारीक अस्त्यात, ताई. एवढी प्वारं कशी पोसतील?"

चाळीस माणसांना भाजी द्यायची होती, आणि ती भाजीच खुडून टाकत होती. मला बघवेना.

नऊ दिवस वाट बघायची होती. ते नऊ दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. मी पाहिलं ते एवढंच की ती पाट्यांजवळ जायची, हात पुढं करायची आणि मागं घ्यायची. ओढून बघितलं तर कोवळं मूळ तुटतं. रखमाजी दर तासाला मोऱ्यांवरून फेरी मारायला लागला. काठीनं पाला बाजूला करी, पाण्याला वाट करून देई आणि तोंडानं पुटपुटे, "जा बाबा. जा."

"पाण्याशी बोलताय?" मी विचारलं.

"शिव्या देतोय, ताई. आपलं पानी, आपनच हाकलायचं."

खोलीत आता गुडघाभर खड्डा होता. कडेनं ठेवलेल्या दोन फळ्यांवर ती दोघं निजत. खड्ड्यात एका कोपऱ्यातून पाणी पाझरायला लागलं होतं.

दहाव्या दिवशी तिनं पहिल्या पाटीतला वेल दोन बोटांत धरून अगदी हळू ओढला. आला नाही. दुसरा. तोही धरून बसलेला. छत्तीसांतले नऊ सुटून हातात आले, सत्तावीस राहिले. आता जुनं बूड कापायचं. तिनं विळा घेतला आणि उभीच राहिली. एक अख्खी सकाळ विळा हातात घेऊन मांडवाखाली फिरली. कापलं आणि नव्या मुळ्यांनी नाही पेललं, तर संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. शेवटी रखमाजीच म्हणाला, "अंबे, कुजकं पाऊल कापत्यात का ठेवत्यात?" त्याच्या तोंडून ते ऐकल्यावर तिनं मागं बघितलं नाही. सत्तावीस वेळा विळा चालला. दुपारी वेलांनी माना टाकल्या. ती मांडवाखालून हलली नाही. पण त्या दिवशी ऊन नव्हतं, आणि त्या पावसाला एवढ्याबद्दल मी माफ करते. दुसऱ्या दिवशी सकाळी माना वर होत्या.

मग फुलं. आम्ही दोघी, दोन इरली, सकाळ-संध्याकाळ. माझी बोटं हिरवी-काळी झाली. आई म्हणाली, अशा हातांनी जेवायला बसू नकोस. मग मीही उभ्यानंच जेवले.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी अंबूबाईनं दोन पाट्या स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवल्या. दोडकी, घोसाळी, सहा पडवळं, वर काकड्या. मॅनेजर आले, पाट्यांकडे बघितलं, स्वयंपाकीण नंदाबाईकडे बघितलं.

"चाळीस माणसांना पुरेल?"

नंदाबाईनं पाटी उचलून तोलली. तिला अंबूबाई फारशी आवडत नसे; भांडी घासता घासता निघून जाते म्हणून. "डाळ जास्त घातली तर पुरंल," ती म्हणाली. "आन् मोजून वाढलं तर."

"आज पुरेल. परवा?"

"परवा येतील की," अंबूबाई म्हणाली, आणि तिचे डोळे मॅनेजरांच्या खांद्यावरून मांडवाकडे गेले.

"बघू. मी खोली एकदा मापून ठेवतो. जळणाचा काही भरवसा नाही." हातातली टेप उलगडत ते उतारावरून वर चालू लागले. अंबूबाई धावली, पण उशीर झाला होता. त्यांनी दार ढकललं आणि आत पाऊल टाकलं. म्हणजे टाकायला गेले, आणि गुडघ्यापर्यंत खड्ड्यात उतरले.

"हे काय? जमीन कुठं गेली?"

फळीवर बसलेला रखमाजी उठून उभा राहिला. "मांडवाखाली हाय, सायेब. छत्तीस ठिकानी."

"हे नुकसान आहे! आरोग्यभवनाच्या मालमत्तेचं सरळ सरळ नुकसान! आत्ताच्या आत्ता तुम्ही इथून..." ते थांबले. बुटांत पाणी शिरलं होतं. त्यांनी खाली बघितलं. खड्डा, पाझर, ओल. इथं जळण ठेवलं असतं तर दसऱ्यापर्यंत त्याला भूछत्रं आली असती. त्यांच्या कपाळावरची शीर उडताना मी दारातून बघत होते. शेवटी ते म्हणाले, "हे सगळं भरून, चोपून, सारवून दिल्याशिवाय तुम्ही इथून हलायचं नाही. समजलं?"

"न्हाई हलत, सायेब," अंबूबाई ताबडतोब म्हणाली.

"कधी भरणार?"

"माती वाळली की."

"कधी वाळेल?"

"वेल वाळल्यावर."

मॅनेजर चिखलाच्या बुटांनी खाली गेले. रखमाजीला हसू फुटलं होतं, ते त्यानं पंच्यात दाबलं. अंबूबाई हसली नाही. परवाची भाजी अजून मांडवावर फूल होती. तिनं इरलं उचललं आणि गेली.

परवाची आली, तेरवाची आली. कधी डाळ जास्त पडली, कधी एकट्या काकडीच्या कोशिंबिरीवर भागवलं, पण वार चुकला नाही. भुई त्यांनी माघात भरली. पाट्यांतली माती परत आत नेली, चोपली, सारवली. तोवर मॅनेजरांना पुढच्या पावसाळ्याची भाजी हवी होती. मी पुढं बी.एस्सी. झाले, लग्न होऊन सोलापूरला गेले, आणि वर्षभर लोणावळ्याला येऊ शकले नाही. शेहेचाळीसच्या मे महिन्यात एकदा आले तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला लागून पोती, पाट्या, डबे, सगळे कोरड्या मातीनं भरलेले. रखमाजी एका पोत्याला टेकून बसला होता.

"बगा, ताई," तो म्हणाला. "मला निजायला जागा न्हाई, आनि माती पसरून निजलीया."

"निजू द्या तिला," अंबूबाई बाहेरून ओरडली. "आषाढात उटवायची हाय."